चार नंबरच्या केबिनची आग

मी, वय एकाहत्तर, वनउद्यानातल्या जुन्या लाकडी केबिनांच्या कॅम्पवर सत्तावीस वर्षे साफसफाई पाहणारी बाई, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहायला कोणी भाग पाडलेले नाही. पाडायला हवे होते.

१. शिवणयंत्र शेजारणीला द्यावे. माझी कात्री ती नेहमी बोथट करून परत करायची, तरीही द्यावे.

२. बँकेतली शिल्लक आणि दोन बांगड्या माझ्या मुलीच्या.

३. फाटकाबाहेरचे दोन खोल्यांचे घर माझ्या धाकट्या दिरांना द्यावे. ते कॅम्पचे सुतार होते. कारण पुढे लिहिते.

एकोणीस वर्षांपूर्वी चार नंबरची केबिन जळाली. पाहुणे फिरायला गेले होते म्हणून जीव वाचले. चौकशीत ठरले की, दिरांनी शेगडीचा धुराचा पाइप लाकडी भिंतीच्या फार जवळ बसवला. त्यांची नोकरी गेली, नंतर कोणी कामही देईना.

पाइप बरोबर होता. त्या सकाळी राख काढायच्या पत्र्याच्या बादलीत मी फरशी पुसायचे पाणी भरले होते. घाई होती. राख वेताच्या टोपलीत काढली आणि टोपली भिंतीला टेकवून पुढच्या केबिनमध्ये गेले. राखेत निखारे होते.

माझे यजमान कॅम्पचे रखवालदार होते. त्यांनी एकदाच विचारले, "बादली कुठे होती?"

मी म्हणाले, "जागेवर." त्यांनी पुन्हा विचारले नाही. भावाविरुद्धच्या जबाबावर सही केली.

यजमान गेले तेव्हा दीर आले होते. जाताना म्हणाले, "वहिनी, पाइप मी वीतभर लांबच बसवला होता."

"आता जुनं कशाला उकरायचं, भावोजी?" असे मी म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत.

४. चार नंबरच्या जागी आता सिमेंटची केबिन आहे, ओंडक्यांसारखी रंगवलेली. लोक तिचेच फोटो काढतात. समोरच्या पाटीवर 'सुताराच्या चुकीमुळे आग' असे लिहिले आहे. निवृत्त होईपर्यंत ती पाटी मी रोज पुसली. ती बदलावी, म्हणून याची एक प्रत उद्यानाच्या कार्यालयात द्यावी. कॅम्पच्या मॅनेजरांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये.

५. मुलीला सगळे सांगितले आहे. "आई, इतकी वर्षं?" एवढेच म्हणाली आणि उठून गेली. घरावरून तिने काकांशी भांडू नये.

६. दिरांनी घर घेतले म्हणजे मला माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये.

७. वकील म्हणाले, "मृत्युपत्र मागाहून उघडतात, बाई." पण मागाहून मी ऐकायला नसेन. म्हणून आज सह्या झाल्यावर एक प्रत घेऊन मी स्वतः दिरांच्या दारी जाणार आहे. ते जे बोलतील ते उभ्याने ऐकून घेईन.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शाळेच्या निवृत्त बाई (सही)
ठिकाण: राहते घर. ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा.