फुटका मोमो

ती. आईंना वाकून नमस्कार.

खोली चांगली मिळाली आहे. सकाळी ऊन येतं, नळाला दिवसभर पाणी असतं. काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा.

फोनवर तुम्ही विचारता, "जेवलीस का गं?" मी हो म्हणते. खरं म्हणजे हे गेल्यापासून जेवण गोडच लागत नव्हतं. मग यांच्या आवडीचे सूप भरलेले मोमो आठवले. ऑफिस सुटलं की मी रोज वेगळ्या गल्लीत शोधायची. आज बसस्टॉपच्या मागे एक दुकान सापडलं.

मालकीणबाईंनी वाफाळती टोपली समोर ठेवली. त्यात एक मोमो फुटला होता. "अगंबाई! थांबा, बदलून देते. फुटका कोण खाणार?"

"राहू दे. आमच्याकडे खातात," माझ्या तोंडून निघून गेलं.

फुटका मोमो हे नेहमी स्वतःच्या बशीत घ्यायचे आणि अख्खे माझ्याकडे सरकवायचे. म्हणायचे, "खरी चव फुटक्यालाच असते, तुला नाही कळायचं." इतकी वर्षं मला ते खरंच वाटत होतं.

आज पहिल्यांदा फुटका मी खाल्ला. सूप सगळं टोपलीत गळून गेलं होतं. नुसतं कोरडं पीठ, आई. काहीच चव नव्हती.

बाकीचेही खाल्ले. आज खरंच पोटभर जेवले.

लहानपणी घरीही हे असंच काहीतरी सांगून फुटकं-तुटकं आपल्याकडे घ्यायचे का? तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

तुमच्या पायांशी,
धाकटी सून