आई मोजत होती ते सात तास

कासाब्लांका, १९ नोव्हेंबर

प्रिय ताहर,

सलाम. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे जे उरलेत ते. तुझं पत्र पोचलं. आई नक्की कधी गेली, असं विचारलंयस. शेजारची हाज्जा रकिया बोललेली दिसते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आधी तुझं विमान. साडेपाच हजार किलोमीटर, सात तास. अकरा वर्षं दर शुक्रवारी फोनवर हेच पालुपद: "मॉन्ट्रियल म्हणजे शेजार गं आई! एक जेवण, एक डुलकी, की तुझ्या दारात." आई गल्लीभर सांगायची, "माझा ताहर सात तासांवर तर आहे." अकरा वर्षांत हे शेजारी दोनदा आले.

या वर्षी ती तीनदा अंथरुणाला खिळली, तीनदा मी फोन केला. तिसऱ्यांदा तू म्हणालास, "ताई, या वेळी खरंच आहे ना? नाहीतर रजा फुकट जायची." तेव्हा तुझी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

म्हणून चौथ्यांदा फोन केलाच नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस निघाला तर निघाला. आईने विचारलं, "ताहरला कळवलंस?" मी म्हटलं, "विमानात बसलासुद्धा." मग ती तास मोजत राहिली. दुपारच्या बांगेला म्हणाली, "तीनच राहिले ना गं? हरिऱ्याचं सूप गरम ठेव. विमानातलं खाणं म्हणजे नुसता कागद." तिसऱ्या प्रहरी, असरच्या बांगेला विचारलं, "आता?" म्हटलं, "एक." तो एक तिला पुरला नाही.

तुला कळवलं मंगळवारी सकाळी, तुझ्याकडचं सोमवार संध्याकाळचं विमान सुटून गेल्यावर. वर "पहाटे गेली" अशी थाप मारली. मेलेल्याचा मान मातीत, ताटकळत ठेवायचं नसतं. दुपारच्या नमाजानंतर तिला नेलं. सोमवारीच कळवलं असतं तर तू दफनाला पोचला असतास. मी वेळापत्रक पाहिलं होतं, ताहर. दोनदा.

बायकांनी दफनाला जायचं नाही, म्हणून मी घरी. आईला कबरीत उतरवायला तिच्या पोटचं कुणी नव्हतं. कोपऱ्यावरचा न्हावी लारबी उतरला. तुला अद्दल घडवायला निघाले आणि आईच्या तोंडचा शेवटचा घास काढून घेतला.

तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला तू आलास, चारचौघांत रडलास, "अंतरच एवढं!" म्हणालास. मी मान डोलावली. मला बरं वाटलं, ताहर. त्या बरं वाटण्याची आता इतकी किळस येते की हात धुतले तरी जात नाही.

एकच सांगते. आई गेली तेव्हा तिच्या लेखी तू वाटेत होतास. तिच्यासाठी तू एवढं कधीच केलं नव्हतंस, आणि तेही मीच केलं.

आई सोमवारी असरला गेली. हे आता कुणालाही सांग.

"तुझी" असं लिहायला हात धजत नाही.

नुसतीच,
बतूल