पौर्णिमेची सहल

सर, आज नववीच्या फळ्यावर समुद्रकिनारा काढला आणि खडूच्या आधी मीच संपले. पुढच्या महिन्यात मुलांना कोकणात न्यायचंय, खडकांतले जीव पाहायला. मी शिकवते त्या समुद्रपूरच्या शाळेत ही पहिलीच अशी सहल. एकीने विचारलं, "मॅडम, खेकडा चावला त पट्टी कोण बांधते?" सगळे हसले. मला हसायचंही त्राण नव्हतं. भरती कुठवर, ओहोटी कुठवर, रेघा मारत राहिले.

तुम्ही आम्हाला फळ्यावर थोडंच शिकवलं. पवनारला नेऊन धाम नदीच्या शेवाळल्या दगडांवर अनवाणी चालवलंत. "घाई काऊन करून राह्यली? दगड उचलला, पाह्यला, परत तसाच ठेवजो. त्याच्याखाली कोणाचं तरी घर असते बाप्पा!" समुद्र तुम्हीही पाहिलेला नव्हता आणि ते तुम्ही कधी लपवलं नाही. पण त्याच आठवड्यात तुमच्या आकृतीतली चूक मी भर वर्गात दाखवली, तेव्हा भडकलात. "लय शहाणी झाली का? ये, तूच शिकव इथं." वर्ग खिदळला. तेरा वर्षांची मी, राग नाकावर. तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवून टाकलं.

मग तुम्ही कॅलेंडर पाहून कोकणच्या सहलीची तारीख काढलीत. "पौर्णिमेले जाऊ, दिवस चांगला हाय." आपल्याकडे चांगल्या कामाला असाच दिवस धरतात, कोण कशाला नाही म्हणेल? रात्रभराचा प्रवास करून भर दुपारी पोचलो, तर पाणी थेट बांधाला लागलेलं. एक खडक दिसेल तर शपथ. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पांढरा ट्रे घेऊन तुम्ही उभे. मासे विकणारी बाई म्हणाली, "पुनवेला दुपारी भरलेलंच असतं हो. पहाटे यायचं." गाडी तीनला निघणार होती. तुम्ही आमच्याकडे वळून म्हणालात, "पाहा रे, लाटा तरी पाहा." त्यानंतर आपल्या शाळेने सहलीच बंद केल्या. तुम्ही निवृत्त झालात, मग गेलातच. ओहोटीचा किनारा तुम्ही पाहिलाच नाहीत.

आज आमच्या मुख्याध्यापकांनी सुट्ट्या जुळवून तारीख दिली. पौर्णिमा, दुपारी बाराला पोचणार. मी सांगितलं, खडक दिसणार नाहीत. ते म्हणाले, "फोटो निघाले म्हंजे झालं मॅडम, बस ठरून गेली." खरं सांगते सर, जाऊ दे म्हणावंसं वाटलं. हल्ली भांडायचा फार कंटाळा येतो. पण त्यांच्यासमोरून उठवेना. म्हटलं, अष्टमीला दुपारी ओहोटी असते, तेव्हा न्या, नाहीतर मी येत नाही. बराच वेळ कुरकुरले, शेवटी बसवाल्याला फोन लावला. मग चष्मा काढून म्हणाले, "एवढा हट्ट काऊन करता?"

त्यांना काय सांगू? तुम्हालाच सांगते. निघायच्या आठवडाभर आधी वाचनालयातल्या पुस्तकात मी वाचलं होतं, पौर्णिमेला तिकडे दुपारी भरती असते. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही वर्गात विचारलंत, "कोणाले काही सांगाचं हाय का?" सगळ्यांकडे पाहिलंत, माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मला माहीत होतं, सर. मी हात वर केला नाही.