आरशाविना उघडलेले डोळे

३ नोव्हेंबर
बोरगावच्या पुढच्या टेकडीवर आलो एकदाचा! चढावर छोटी छोटी चॅपलं, म्हणजे प्रार्थनाघरं; आतल्या भिंतींवर येशूच्या जन्मापासूनची चित्रं रंगवायची आहेत. खाली संत्र्यांचे बगीचे. फादरनी चहा पाजून खोली दाखवली. पांढुर्ण्यात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गणपती, देवी घडतात. आता या श्रीकांतचा हात भिंतीवर चालणार. ऋतुजा नावाची नागपूरची चित्रकार माझ्याआधीच आली आहे. मुलगी बरी वाटते.

९ नोव्हेंबर
बरी कसली! वरच्या चॅपलमधली येशूची आई मरियम फादरनी तिला रंगवायला दिली आणि मला मेंढ्या. सौंसरच्या बाया माझ्या मेंढ्यांपुढून चपला फटफटवत जातात नि तिच्या मरियमपुढे थबकतात. कलाबाई नावाची एक शेतकरीण म्हणे, पोरगी भिंतीत जीव ओतून राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१४ नोव्हेंबर
ऋतुजानं विचारलं, तुमच्याकडे डोळे शेवटी का काढतात? शुभ असतं, एवढंच सांगितलं. खरं तर डोळे उघडताना मूर्तीसमोर आरसा धरतात. पहिली नजर आरशावर पडावी, माणसावर नाही; नाहीतर ती त्याचे डोळे ओढून घेते, म्हणतात. आरशाचं मुद्दाम गिळलं. बघू या.

१६ नोव्हेंबर
काहीच झालं नाही. तिनं मरियमची नजर मांडीवरच्या बाळाकडे झुकवली, पापण्या खाली. म्हणजे डोळे उघडलेच नाहीत! फादरना भरून आलं. मला जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर
भर दुपारी सगळे जेवायला गेले तशी शिडी लावली. चित्र बिघडावं म्हणून मरियमच्या पापण्या मीच वर केल्या. बुबुळं भरली नि ती थेट माझ्याकडे बघायला लागली.
आरसा — रागाच्या भरात मीच विसरलो.

१८ नोव्हेंबर
पापण्या जड. बोटानं उचलाव्या लागतात —

१९ नोव्हेंबर
आता उघडतच नाहीत. खाटेवर पडून चाचपडत लिहितोय. पण दिसतंय. वरचं चॅपल दिसतंय, भिंतीतून. ऐकूही येतंय. बाया हात जोडून माझ्याकडे बघतात. एवढी माणसं माझ्यापुढे कधी थांबली नव्हती. आणि कलाबाई म्हणते, काय डोळे काढले पोरीनं!
पोरीनं? माझे आहेत — माझे —
ऋतुजा आली. फादरना सांगते आहे, कोणीतरी डोळे बिघडवले, खरवडून पुन्हा काढते.
शिडी चढतेय. हातात रंग खरवडायची पाती —
ऋतुजा, थांब, हे माझे — आधी डावा डो