चौथ्या ओळीचा डावा हात

रवि. १० एप्रिल ९४
विहारातली बाजाची पेटी बंद पडली. मंडळाने कीबोर्ड आणला. चिटणीस जाधव म्हणाला, "दादा, बुद्ध पौर्णिमेला वंदना दोन्ही हातांनी जमली तर तुम्ही, नाहीतर बाहेरचा वाजवणारा बोलावू." पेणकरपाड्यात आल्यापासून वंदनेला मीच वाजवतोय. घरी सुमन म्हणाली, "तुमचा डावा हात अजून पेटीचा भाताच ओढतोय." खरंच. हवेत.

रवि. १७
डोंगरी गावात गेलो. रोझीटीचर, ऑफिसातल्या मित्राची मावशी, पियानो शिकवतात. वंदना वाजवून दाखवली. चौथ्या ओळीत दोनदा अडखळलो, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरू केलं.
"पयल्यापासून कशाला? चुकलं तेवढंच दहा वेळा."
म्हटलं, वंदना मध्ये तोडत नाहीत.
"देव रागावंल?"
"आमच्यात देव नाही, टीचर."
"मंग घाबरता कोनाला?"


गुरु. २१
टीचरनी सांगितलेलं: डावा (डा.) एकटा. चूक होणारच नाही इतकं सावकाश. शेवटची ओळ आधी, मग तिच्या आधीची.
शेवटापासून वंदना... विहारात हात जोडून बसलो. वाजवलं नाही.

शनि. ३०
ऑफिसआधी विहारात. कीबोर्ड फिरवून मूर्तीकडे पाठ केली, मग चौथी ओळ. चारच सूर, पुन्हा पुन्हा. चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

रवि. ८ मे
मूर्तीकडे पाठ केल्याचं टीचरना सांगितलं. वाटलं, हसतील. म्हणाल्या, "मी पन चर्चमधी कदी प्रॅक्टिस न्हाय केली. लाज वाटायची. चुका मंग मिसालाच, भर प्रार्थनेत व्हायच्या."
डा.च्या पंजावर खोडरबर ठेवलं. "पडलं की समजा, भाता ओढला."
सात वेळा पडलं.

रवि. २२
तालीम. सगळं मंडळ हजर. चौथ्या ओळीत डा. चुकला. पहिल्यापासून जावंसं वाटलं. गेलो नाही, पुढे वाजवत राहिलो. गाणारे थांबले नाहीत. सुमन म्हणाली, "चुकलात? कुठे?" जाधव मात्र चपला घालून निघून गेला.

मंगळ. २४
उद्या पौर्णिमा. जाधवचा निरोप नाही. सकाळी विहारात गेलो. कीबोर्ड मूर्तीसमोर मांडला, तिच्याकडे तोंड करून. फक्त डा., फक्त चौथी ओळ. नऊ वेळा नीट. दहाव्यांदा खोडरबर पडलं. उचलताना पाहिलं तर जाधव दारात, चपला काढत होता.
"दादा, उद्याचं..."
म्हटलं, "थांब. एवढी ओळ होऊ दे."