दांडा सरळ धर, द्रिता

३ ऑक्टोबर

आणि बाबा म्हणतात, मीच पोरीला बिघडवलं! मी! सहावीतून शाळा सोडलेला माणूस, माझ्याकडून धाकटी बहीण काय बिघडणार? अभ्यास तिने केला, मार्क तिने मिळवले, शिव्या मला. दर रविवारी गावाकडे फोन लावला की तेच. "आपल्या घरातली मुलगी ग्रीकांचा झेंडा घेऊन नाचणार? मी मेलो की काय ते करा." म्हटलं, बाबा, नाचत नाहीत, चालतात. तर फोन आपटला. कार्डावर सात मिनिटं शिल्लक होती.

४ ऑक्टोबर

आता डोकं थंड आहे. नीट लिहितो.

इथल्या शाळेत नियम आहे — शेवटच्या वर्गात ज्याचे मार्क सगळ्यात जास्त, तो अठ्ठावीस ऑक्टोबरच्या संचलनात झेंडा धरतो. द्रिताला वीसपैकी एकोणीस पूर्णांक चार. दुसरा नंबर स्तेर्गोस, लेफ्तेरिस बेकरीवाल्याचा पोरगा, अठरा पूर्णांक नऊ. झालं! यात भांडायला जागाच कुठे आहे?

ती घरी आली, बूट काढता काढता म्हणाली, "दादा, झेंडा माझ्याकडे आलाय." जसं काही वाण्याकडून साखर आणलीय. आई नुकती लॉजच्या खोल्या पुसून आली होती, ती बादली घेऊन पायरीवरच बसली. "पोट दुखतंय म्हण गं त्या दिवशी."

सीमेपलीकडून आलेले आपले लोक इथे असंच करतात. दोन वर्षांपूर्वी आगिमच्या पोरीचा पहिला नंबर आला आणि बरोबर सत्तावीसला तिला ताप भरला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शाळेतून केकसुद्धा आला तिला.

"मला ताप येत नाही," द्रिता म्हणाली आणि जेवायला बसली.

खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही टोचलं. माझ्या खाटेवर भिंतीला आपल्या देशाचा लाल झेंडा आहे, काळा गरुडवाला. आठ वर्षं आहे. त्या दिवशी बघितलं तर गरुडावर बोटभर धूळ.

८ ऑक्टोबर

सकाळी पाव आणायला गेलो. लेफ्तेरिसने सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. म्हणाला, "पेत्रित, तुझ्याशी माझं वैर नाही. तू कामाचा माणूस. पण चाळीस साली इटलीवाले तुमच्या देशातून चालून आले तेव्हा माझा आजा तुमच्या डोंगरात लढायला गेला आणि तिथेच बर्फात गेला. हाडंसुद्धा घरी आली नाहीत. त्या दिवसाचा झेंडा तुमची पोर धरणार?"

तो खोटं बोलत नव्हता. पाव तिथेच टाकून आलो. दिवसभर उपाशी दगड फोडले. मूर्खपणा.

९ ऑक्टोबर

चर्चमागच्या गल्लीत फरसबंदी चालू आहे. अपोस्तोलिसकाका — माझा मालक, सत्तरीचा, अजून माझ्यापेक्षा सरळ रेघ ओढतो — त्याला सगळं सांगितलं. हातोडा खाली न ठेवता म्हणाला, "माझ्या घरावर कधी झेंडा बघितलास?"

नाही बघितला.

"लष्कराच्या राज्यात मला पकडलं. ज्या खोलीत माझ्या पायांच्या तळव्यांवर दांडके हाणले, तिथे भिंतभर हाच झेंडा होता. तेव्हापासून मी संचलनाला जात नाही. ते ढोल वाजायला लागले की तळवे ठणकतात."

मग म्हटलं, द्रितानेही जाऊ नये?

"मी कुठे असं म्हटलं? मी नको म्हणतो ते माझं मी. तिला मिळालाय, तर तिने धरायचा. कुणी मागितला म्हणून द्यायचा नाही. — आणि तो दगड उलटा बसवलास, गाढवा!"

खरंच उलटा होता.

१२ ऑक्टोबर

द्रिताला झेंडा देऊ नये म्हणून बेकरीत सह्यांचा कागद ठेवलाय. एकोणचाळीस झाल्या. पाव आता खालच्या गावातून आणतो.

१४ ऑक्टोबर

आज हसून हसून पोट दुखलं! शाळेचा झेंडा जड असतो म्हणे, वर पितळेचा क्रॉस. आणि द्रिता ही एवढीशी. म्हणून फावड्याचा लांब दांडा घेतला, टोकाला दोन किलो वाळूची पिशवी बांधली आणि अंगणात चालवलं तिला. पहिल्या फेरीत पिशवी आईच्या दोरीवरच्या चादरींत! दुसऱ्या फेरीत कोंबड्या पळाल्या.

पण मी गवंडी आहे. सरळ म्हणजे काय ते मला कळतं. दांड्याला ओळंबा सोडला. "दोरी दांड्याला चिकटून राहिली पाहिजे. लांब गेली की तू कललीस." चाळीस फेऱ्या मारल्या तिने. हाताला फोड आले. म्हटलं बस कर. म्हणाली, "तू थांबतोस का फोड आले की?"

१९ ऑक्टोबर

शाळेत सभा. इतके लोक तर लग्नालाही येत नाहीत. मला मागे उभं केलं. मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत, पण घाबरलेल्या. म्हणाल्या, "कुणाची जबरदस्ती नाही. पण द्रिताने आपणहून मन मोठं केलं, तर शाळा तिचा वेगळा सत्कार करेल." म्हणजे केक!

लेफ्तेरिसने परत आजोबांचं सांगितलं. या वेळी रडला. बटणाएवढा फोटो पाकिटातून काढून सगळ्यांना दाखवला.

द्रिता उठली. विचारलं, "काका, कुठल्या डोंगरात?"

"क्लिसुरा."

"आम्ही तिथलेच. आमच्या गावाच्या वर, ओकांच्या झाडीत, तुमच्या शिपायांना पुरलंय. नावं नाहीत. आमची आजी लाकडं आणायला जायची तेव्हा प्रत्येकावर एक दगड ठेवायची, डुकरांनी उकरू नये म्हणून. मीपण ठेवलेत. मला मोजता येत नव्हतं तेव्हापासून."

लेफ्तेरिस खाली बसला. मग द्रिता बाईंना म्हणाली, "आणि मन मोठं नाही करणार मी. माझे मार्क जास्त आहेत."

मला ओरडावंसं वाटलं! ओरडलो नाही. बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२३ ऑक्टोबर

कागद बेकरीतून गेला. पण बाई अजून "बघू" म्हणतात. वरून कुणाचा तरी फोन आला होता म्हणे.

मग आज स्तेर्गोस घरी आला! दारात उभा, कान लालबुंद. हातात कागदात गुंडाळलेले पांढरे हातमोजे. "आईने माझ्यासाठी आणले होते. मला मोठे होतात," म्हणाला. खोटारडा. त्याचे हात माझ्याएवढे आहेत. मग एका दमात — "झेंड्याच्या बाजूने चालणारे आम्ही पाच जण. बाईंना सांगितलंय, मधे ती नसेल तर आम्हीही नाही. मग झेंडा एकटाच चालू दे."

"तुझा बाप?" मी विचारलं.

"बोलत नाहीत माझ्याशी. पण मारलंही नाही."

आईने त्याला पालक भरलेल्या पापुद्र्यांचा ब्यूरेक वाढला. तीन तुकडे खाल्ले पठ्ठ्याने.

२८ ऑक्टोबर

चालली! चालली, चालली, चालली!

सगळं लिहितो, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं. वारा सुटला होता, डोंगरावरून थेट चौकात. बँड आला. मग ती. पांढरा सदरा, निळा घागरा, हातमोजे आईने मनगटाशी टाचून घट्ट केलेले. झेंडा असा फडफडत होता की बाजूचा पोरगा मान चुकवत होता. मी मनातल्या मनात ओळंबा सोडला. दोरी दांड्याला चिकटलेली! केसभर हलली नाही!

काही लोकांनी पाठ फिरवली. सात जण. मोजले मी. बाकीच्यांनी आधी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग कुणीतरी एकट्याने सुरू केलं — बघतो तर अपोस्तोलिसकाका! लग्नातला टाय लावून, काठी बगलेत धरून. "तळवे?" मी विचारलं. "ठणकतायत. टाळ्या वाजव तू!" मग सगळा चौक लागला वाजवायला. लेफ्तेरिस बेकरीच्या दारात होता. त्याने टोपी काढली. झेंड्यासाठी काढली की पोरीसाठी, देव जाणे. पण ती पुढे जाईपर्यंत घातली नाही.

मी आपल्या भाषेत ओरडलो, "दांडा सरळ धर, द्रिता!" अख्ख्या गावासमोर, आपल्या भाषेत! आठ वर्षांत पहिल्यांदा. तिने बघितलं नाही. पण ओठ हलले तिचे. हसली ती.

३१ ऑक्टोबर

बाबांना फोन. सगळं सांगितलं. मग — "शेवटपर्यंत तिच्याच हातात होता?"

हो, बाबा.

"कुणी काढून घेतला नाही?"

नाही, बाबा. कोण काढणार?

ठेवला फोन. पण या वेळी आपटला नाही.

२८ नोव्हेंबर

आज आपल्या झेंड्याचा दिवस. बाबांनी स्वतः फोन केला. जन्मात पहिल्यांदा. चौदा वर्षांचे असताना त्यांचाही शाळेत पहिला नंबर होता, एक मेच्या मिरवणुकीचा लाल झेंडा त्यांना मिळाला होता. रांगेत उभे असताना पक्षाच्या समितीतल्या माणसाने सगळ्या शाळेसमोर हातातून काढून घेतला — चुलता सीमा ओलांडून पळाला म्हणून घराणं डागी. आईलाही कधी सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, तिचाही शेवटच्या क्षणी काढतील. म्हणून आधीच नको म्हणत होतो रे." मग विचारलं, परत कधी धरणार ती? पंचवीस मार्चच्या संचलनाला, म्हटलं. त्यांना इकडे यायला उद्या पैसे पाठवतोय — व्हिसा, बसचं भाडं आणि एक चांगला कोट धरून — तीनशे दहा युरो.