तिरकी अक्षरे

बारामती,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय मानसिंगराव,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. परवा कळसच्या दूध संस्थेच्या सभेत तुझ्या राजेश्वरीविषयी मला जे बोलावे लागले, त्याचा राग धरू नकोस. सभासद बिरूच्या निधनाचा संदेश तिने संस्थेच्या संगणकावरून सर्वांच्या मोबाईलवर पाठवायचा होता. तो हिंदुरावांच्या निधनाचा म्हणून गेला. संस्थेच्या संगणकाची मार्गदर्शिका मी लिहिलेली, म्हणून खुलासा माझ्याकडे मागण्यात आला. तिच्या तिसऱ्या पानावर नियम स्पष्ट आहे : ठळक अक्षरे जशीच्या तशी टाइप करावीत, तिरकी अक्षरे हा केवळ नमुना, त्या जागी आपली माहिती घालावी. चौदाव्या पानावरील ‘संदेश शोक १०७’ यातला १०७ हा सभासद क्रमांकाचा नमुना होता. राजेश्वरीने तोच टाइप केला आणि तो हिंदुरावांचा निघाला. तिने नियम वाचायला हवा होता, एवढेच मी म्हणालो. तिचे काम थांबवण्याचा निर्णय कमिटीचा.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
चिंतामण

कळस,
१० ऑगस्ट

चिंतामणराव यांना मानसिंगचा रामराम.

पत्र पोचलं. हिंदुरावतात्या ठणठणीत हायती. हार घेऊन आलेल्यांना त्यांनी गोठ्यातनंच विचारलं म्हणं, की मी गेलोय तर ही धार कोण काढतंय. गावाला हसू आवरंना. आमच्या घरात मात्र कुणी हसलं न्हाय. लोक राजेश्वरीला ‘यमाची क्लार्क’ म्हणत्यात. आठ दिवस झालं, पोरगी दारात येत न्हाय.

तुमचं तिसरं पान तिला पाठ हाय. सोबत चौदावं पान पाठवतोय. तिरकं अक्षर कुठं हाय, ते तुमीच दाखवा. मला तर समदी सारखीच ठळक, ताठ उभी दिसत्यात. तिरकं न्हाय म्हणजे जसंच्या तसं टाइप करायचं, असं तिनं धरलं. तुमच्याच नियमानं चालली ती. वहिनींना नमस्कार सांगावा.

मानसिंग

बारामती,
१३ ऑगस्ट

प्रिय मानसिंगराव,
स. न. वि. वि.

कॉलेजपासून तू मला कधी ‘तुम्ही’ म्हटले नव्हतेस. ते लागले, आणि लागायलाच हवे होते.

तुझे म्हणणे खरे आहे. माझ्या संगणकावर तो आकडा तिरका होता. छापखान्याच्या मराठी टाइपात तिरकी अक्षरे नव्हती. सगळी सरळ छापली गेली. तपासायला आलेल्या मुद्रितांवर सही माझीच. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या एकेचाळीस चुका मी काढल्या. हे मात्र पाहिले नाही.

इथपर्यंत नजरचूक म्हणता येईल. पुढचे लिहिताना लाज वाटते. सभेत चेअरमननी पुस्तिका हाती दिली, तेव्हा मी चौदावे पान उघडले होते. १०७ सरळ उभा होता. मला त्याच क्षणी सर्व उमगले. मी पान मिटले आणि तिसऱ्या पानावरचा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. चाळीस माणसांसमोर माझी चूक निघेल, या भीतीने मी तुझ्या मुलीला दोषी ठरू दिले. तुला पहिले पत्र लिहिले, तेही हे ठाऊक असतानाच.

येत्या शनिवारी सभेत उभा राहून यातले अक्षरही न गाळता वाचून दाखवीन. त्यानंतर राजेश्वरीला भेटायला घरी येऊ का, ते कळव.

आज लोभाची विनंती करण्याचा अधिकार मला नाही.

चिंतामण

कळस,
१७ ऑगस्ट

चिंतामण यास रामराम.

काल तू वाचत हुतास, तवा नजरचुकीवर भागवा, असं चेअरमननी दोनदा सुचवलं. तू थांबला न्हाईस. पान मिटल्याचंबी वाचलंस. तात्या म्हणाले, मला जित्तं मारलं ते माफ. पोरीचं तिला विचारा.

राजेश्वरी उद्यापासनं कामावर जातीय. कमिटीनं तिची चूक न्हाय असं लिहून दिलंय. तिनं सगळ्या पुस्तिकांत त्या आकड्याभवती पेनानं गोल काढलाय आणि शेजारी लिहिलंय, ‘इथं आपला नंबर’.

तू घरी यायचं विचारलंस, म्हणून मी तिच्यापाशी विषय काढला. ती म्हणली, छापायची चूक कुणाचीबी व्हईल. पण काकांनी पान उघडलं, तवा मी त्यांच्या तोंडाकडंच बघत हुते. त्यांना कळलंय, हे मला तितंच कळलं हुतं. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट बघत बसले.

आमाला वाटायचं, पोरगी कामासाठी रडतीय.

माझा लोभ हाय. तिचं मी कसं लिहू? एवढ्यात येऊ नकोस.

मानसिंग